लॅटिनमधली आमंत्रणं : बोलावणं, होकार, नकार

(चर्चेचा धागा; प्रत्येक भागाच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

तळटीप

लॅटिन शिकणारा 'आमंत्रण देणे' हा अर्थ कोशात शोधतो, त्याला 'इन्वीतारे' सापडतं आणि पुढे सगळीकडे तो तेच वापरतो. चूक म्हणता येत नाही, पण रोमन माणसाचं बोलावणं बहुतेक वेळा या क्रियापदाने होत नसे. म्हणून हा धागा. शब्द, त्यांची रचना आणि चुका कुठे होतात ते इथे एकत्र करू.

लिप्यंतराबद्दल आधी. उच्चार जुन्या रोमन पद्धतीचा धरला आहे : 'केना' (मुख्य जेवण), 'चेना' नाही. 'व' ओठ गोल करून म्हणायचा. ह्रस्व-दीर्घ इ आणि उ दाखवले आहेत, 'आ' मात्र सगळीकडे एकच लिहिला आहे.

मुख्य क्रियापदं तीन.

वोकारे : हाक मारणे, बोलावणे. प्लाउतुसच्या नाटकांत आणि मार्तिआलिसच्या कवितांत जेवणाचं आवतण द्यायला हेच येतं. 'वोकारे आद् केनाम्' म्हणजे जेवायला बोलावणे. आपल्या 'वाच्'शी याचं मूळ एकच.

रोगारे : विनंती करणे. समारंभ, साक्षीदार म्हणून येणं, सल्लामसलतीची बैठक, अशा मान राखून बोलवायच्या जागी हे. पत्रलेखक धाकटा प्लिनी रोम शहरातल्या दिवसाचं वर्णन करताना सांगतो की एकाने मृत्युपत्रावर शिक्का मारायला, दुसऱ्याने खटल्यात उभं राहायला, तिसऱ्याने सल्ल्याला बोलावलं. तिन्हींसाठी क्रियापद एकच, 'रोगाविट्', म्हणजे रोगारेचा भूतकाळ.

इन्वीतारे : बोलावणे, पण त्यात पाहुणचारही आला. घरी उतरवून घेणं, खाऊपिऊ घालणं, आग्रह करणं हे सगळं त्याच्या पोटात आहे. 'से इन्वीतारे' म्हणजे स्वतःचा पाहुणचार करून घेणे, मनसोक्त खाणे-पिणे. चरित्रकार स्वेतोनिउस सम्राट आउगुस्तुसबद्दल लिहितो की त्याने स्वतःचे कितीही लाड केले तरी वाइन 'सेनोस् सेक्स्तान्तेस्'च्या वर जात नसे. सहा सेक्स्तान्स म्हणजे साधारण अर्धा लिटर. इथे 'स्वतःला आमंत्रण दिलं' असा अर्थ लावला की वाक्य हातातून निसटतं.

कडूनिंब

उत्तम सुरुवात. रचनेबद्दल भर घालतो, कारण मराठी माणसाच्या चुका ठरलेल्या असतात आणि त्या मराठीतूनच येतात.

पहिली चूक 'ला'ची. 'मी तुला बोलावतो' यातला 'ला' आपल्याकडे कर्मालाही लागतो आणि संप्रदानालाही. त्यामुळे 'तिबि इन्वीतो' लिहिलं जातं. तिबि ही चतुर्थी आहे. लॅटिनमध्ये ज्याला बोलवायचं तो सरळ कर्म, म्हणून द्वितीया : 'ते इन्वीतो', 'ते वोको', 'ते रोगो'.

दुसरी 'जेवायला'ची. आपण हेतू क्रियापदावरच दाखवतो, म्हणून हात आपोआप 'ते इन्वीतो केनारे' लिहितो. गद्यात हे चालत नाही. 'आद्' आणि द्वितीयेतलं नाम घ्या : आद् केनाम्, आद् नुप्तिआस् (लग्नाला). क्रियापदच हवं असेल तर 'आद् केनान्दुम्'.

तिसरी जागेची. 'माझ्याकडे ये' यात हालचाल आहे : 'वेनी आद् मे'. 'माझ्याकडे जेव' यात हालचाल नाही : 'केना आपुद् मे'. मराठीत दोन्हीकडे 'माझ्याकडे'च, त्यामुळे 'केना आद् मे' असं लिहिलेलं वारंवार दिसतं. घराचा शब्द आणखी वेगळा. 'दोमुम्' म्हणजे घरी (येणे), 'दोमी' म्हणजे घरी (असणे), आणि दोन्हींना शब्दयोगी लागत नाही.

चौथी चूक सगळ्यांत खोल रुजलेली आहे. वडीलधाऱ्या माणसाला आपण 'या' म्हणतो, म्हणून एका व्यक्तीला 'वेनीते' लिहितो. सिसेरो, प्लिनी यांच्या लॅटिनमध्ये आदरार्थी बहुवचन नाही. सम्राटालासुद्धा 'तू'. 'वेनीते' वाचणाऱ्याला वाटेल की बोलावणं तीन-चार जणांना आहे. आदर दाखवायचा तो वाक्याच्या घडणीतून. 'वेनी' हा सरळ हुकूम, जिवलगाला ठीक. 'वेलिम् वेनिआस्' म्हणजे 'तुम्ही यावं अशी इच्छा आहे'. 'रोगो उत् वेनिआस्' ही विनंती. पुढे 'सी तिबि कोम्मोदुम् एरित्' (सोयीचं असेल तर) जोडलं की पुरेसा मान राखला जातो.

मोगरा

इन्वीतारेच्या शेजारी एक सापळा आहे. 'इन्वीतुस्' हे विशेषण, अर्थ 'इच्छा नसलेला, नाइलाजाने'. त्याची चतुर्थी आणि पंचमी 'इन्वीतो', आणि 'मी बोलावतो' हेही 'इन्वीतो'च. ह्रस्व-दीर्घ सारखे, म्हणून उच्चारातून फरक कळत नाही. 'मे इन्वीतो' दिसलं तर अर्थ 'माझ्या मनाविरुद्ध'. ओळखायची खूण अशी : शेजारी त्याच विभक्तीतलं नाम किंवा सर्वनाम असेल आणि वाक्याला दुसरं क्रियापद असेल, तर ते विशेषण.

दुसरा सापळा 'इन्वोकातुस्'. एका अर्थी 'न बोलावलेला', दुसऱ्या अर्थी 'जिचा धावा केला ती व्यक्ती'. प्लाउतुसच्या 'काप्तीवी' नाटकात एर्गासिलुस हा फुकट्या जेवणारा सांगतो की तरुणांनी मला गणिकेचं नाव ठेवलंय, कारण मेजवानीत मी नेहमी इन्वोकातुस् असतो. फासे टाकताना तरुण आपल्या लाडकीचं नाव घेत, म्हणून ती धावा केलेली. हा मात्र न बोलावता आलेला. एका शब्दाचे दोन्ही अर्थ माहीत असले तरच ओळ उलगडते.

साष्टीकार

चर्चच्या लॅटिनबद्दल थोडं, कारण गोव्यात जुन्या पिढीच्या कानावर हेच लॅटिन पडलेलं आहे.

तिथे 'वोकारे'चं राज्य आहे. मिस्सामध्ये (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) कम्युनियनच्या, म्हणजे प्रसाद घेण्याच्या, आधी येणारं वाक्य : 'बेआती क्वी आद् चेनाम् आन्यी वोकाती सुन्त्', कोकराच्या (म्हणजे ख्रिस्ताच्या) भोजनाला ज्यांना बोलावलंय ते धन्य. चर्चच्या उच्चारात 'के'चा 'चे' होतो आणि 'ग्न'चा 'न्य'. म्हणून एकच केना तुम्हाला दोन उच्चारांत ऐकू येईल. एका पत्रात किंवा एका वाचनात दोन्ही मिसळू नयेत.

लूकच्या शुभवर्तमानात १४व्या अध्यायात मोठ्या जेवणाचा दृष्टान्त आहे. निमंत्रित एकेक सबब सांगतात. एकाने शेत घेतलंय, एकाने बैलांच्या पाच जोड्या घेतल्यात, आणि नकाराचं वाक्य दोघांचं तेच : 'रोगो ते, हाबे मे एक्स्कूसातुम्'. मला माफ झालेला समजा, एवढाच अर्थ. आजही लॅटिनमध्ये नम्र नकार लिहायचा असेल तर हे तयार वाक्य आहे. तिसऱ्याचं नुकतंच लग्न झालंय. तो माफीही मागत नाही, येऊ शकत नाही म्हणून मोकळा होतो.

शिवाय 'इन्वीतातोरिउम्'. रोजच्या प्रार्थनाविधीच्या सुरुवातीला म्हणायचं ते प्रार्थनेला बोलावणारं स्तोत्र, 'वेनीते, एक्सुल्तेमुस् दोमिनो'. कडूनिंब म्हणतात तो 'वेनीते' इथे बरोबर आहे, कारण बोलावणं अख्ख्या समुदायाला आहे.

तळटीप

साष्टीकार, नकाराचा विषय निघालाच आहे तर होकार-नकार दोन्ही इथेच मांडतो.

होकार : 'प्रोमित्तेरे आद् केनाम्', शब्दशः जेवणाचं वचन देणे. प्लिनीचं सेप्तिकिउस क्लारुसला लिहिलेलं पत्र याचा उत्तम नमुना आहे. सुरुवातच अशी : 'हेउस् तू! प्रोमित्तिस् आद् केनाम्, नेक् वेनीस्?' अरे ए, जेवायला येतो म्हणतोस आणि येत नाहीस? मग दंड सांगतो, झालेला खर्च पै न पै भरून दे. मग काय काय तयार ठेवलं होतं त्याची यादी : माणशी लेट्यूसचा एकेक गड्डा, तीन तीन गोगलगायी, दोन दोन अंडी, मधाची वाइन आणि बर्फ घातलेलं धान्याचं पेय, ऑलिव्ह, बीट, भोपळा, कांद्यासारखे कंद. करमणुकीला नट, वाचक किंवा वीणावादक. क्लारुस मात्र दुसरीकडे शिंपले, समुद्री अर्चिन आणि गादेसच्या (आजचं स्पेनमधलं कादिस) नर्तकींकडे गेला.

यादीतल्या संख्या बघा : 'सिन्गुलाय', 'तेर्नाय', 'बीना'. या एक-तीन-दोन नाहीत, एकेक, तीन तीन, दोन दोन आहेत. मराठीत आपण आकडा दोनदा म्हणतो, लॅटिनमध्ये त्यासाठी वेगळी विशेषणं आहेत. 'ओवा दुओ' लिहिलं तर पंगतीत मिळून दोनच अंडी. अशीच विशेषणं 'लित्तेराय' (पत्र) या शब्दाबरोबरही लागतात, कारण तो बहुवचनी असून अर्थ एकवचनी आहे. दोन पत्रं म्हणजे 'बीनाय लित्तेराय'. 'दुआय लित्तेराय' म्हणजे वर्णमालेतली दोन अक्षरं.

नकार : प्लाउतुसमध्ये 'बेने वोकास्, ताम् ग्रातिआ एस्त्'. छान बोलावलंत, आभार, पण नको. कवी होराटिउसमध्ये (इंग्रजीत होरेस) नुसतं 'बेनिग्ने'. पाहुणा पेअरची फळं पुरे म्हणतो, यजमान हवी तेवढी घे म्हणतो, त्यावर पाहुणा 'बेनिग्ने'. कोशात पहिला अर्थ 'प्रेमाने, उदारपणे' असा मिळतो, त्यामुळे होकार वाटतो. आहे नकार.

आधी हो म्हटल्यावर कितपत बांधलेलं राहायचं? तत्त्वज्ञ सेनेका लिहितो : वचन दिलंय म्हणून थंडी असली तरी जेवायला जाईन, बर्फ पडत असेल तर नाही. प्रत्येक वचनात 'काही आड आलं नाही तर' हे गृहीत असतं, असा त्याचा मुद्दा.

आणि स्वतःच स्वतःला बोलावून घेण्यालाही शब्द आहे : 'कोन्दीकेरे'. आज तुझ्याकडे जेवायला येतोय, असं पाहुण्यानेच कळवायचं.

दक्षिणद्वार

खऱ्या आमंत्रणाचं उदाहरण हवं असेल तर विन्दोलान्दाची पाटी. इंग्लंडच्या उत्तरेला हेड्रियनच्या भिंतीजवळच्या रोमन ठाण्यात सापडलेल्या पातळ लाकडी पाट्यांपैकी ही, शाईने लिहिलेली, इसवी सन १००च्या आसपासची. आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. क्लाउदिआ सेवेराने सुल्पिकिआ लेपिदीनाला वाढदिवसाला बोलावलं आहे.

मधलं वाक्य असं : 'इई इदुस्'पासून तारीख, मग 'सोरोर्' (बहिणी), मग 'आद् दिएम् सोल्लेम्नेम् नातालेम् मेउम् रोगो लिबेन्तेर् फाकिआस् उत् वेनिआस् आद् नोस्'. शब्द सुटे करून बघू. 'आद् दिएम्', दिवसासाठी. 'नातालेम् मेउम्', माझ्या जन्माच्या. 'रोगो', विनंती करते. 'फाकिआस् उत् वेनिआस्', येण्याचं कर, म्हणजे नक्की येच. 'लिबेन्तेर्', आनंदाने. तिने 'इन्वीतो' वापरलेलं नाही, तळटीप म्हणाले तसं 'रोगो' वापरलं. शिवाय 'रोगो'नंतर 'उत्' न घालता थेट 'फाकिआस्' आलंय. बोलण्याच्या जवळच्या लॅटिनमध्ये हे सर्रास होतं, पाठ्यपुस्तकातलं 'रोगो उत्' हीच एक रीत नव्हे.

मुख्य मजकूर लेखनिकाच्या हातचा. शेवटी दुसऱ्या, कमी सरावाच्या अक्षरात काही ओळी आहेत : 'स्पेराबो ते, सोरोर्. वाले, सोरोर्, आनिमा मेआ'. तुझी वाट बघेन, बहिणी. सुखी राहा, बहिणी, माझ्या जिवा. या ओळी खुद्द सेवेराच्या हातच्या मानतात, आणि बाईने स्वतः लिहिलेल्या लॅटिनचे हे सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक.

मोगरा

दक्षिणद्वार, तारखेचा भाग दुरुस्त करायला हवा. सुरुवातीला 'इई' नाही, रोमन आकडा तीन आहे, आणि महिनाही लिहिलेला आहे : 'तेर्तिउम् ईदूस् सेप्तेम्ब्रेस्', म्हणजे ११ सप्टेंबर.

हिशेब असा. रोमन पद्धतीत पुढच्या खुणेच्या दिवसापासून मागे मोजतात आणि मोजताना दोन्ही टोकं धरतात. सप्टेंबरचा ईदूस् (महिन्याच्या मधला खुणेचा दिवस) १३ला, मग १३, १२, ११ असा तिसरा दिवस. सूत्र : ईदूसची तारीख अधिक १, उणे आपली तारीख. मार्च, मे, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये ईदूस् १५ला, बाकी महिन्यांत १३ला. ईदूस् उलटल्यावर पुढच्या महिन्याच्या कालेन्दाय (१ तारीख) पासून मोजायचं : महिन्याचे दिवस अधिक २, उणे तारीख. २० नोव्हेंबर म्हणजे ३० अधिक २ उणे २०, बारावा दिवस, आणि नाव डिसेंबरचं लागतं. हे २ विसरलं की पाहुणे दोन दिवस आधी किंवा नंतर येतील.

वहीपेन

वरचं सगळं वाचून एक मसुदा लिहिला आहे, तपासून द्याल का? वयाने मोठ्या मित्राला २० नोव्हेंबरला रात्री जेवायला, पत्नीसह.

'कारे आमीके, इन्वीतो तिबि केनारे आद् मे दिए २० नोवेम्ब्रिस् होरा नोना. वेनीते कुम् उक्सोरे. रेस्पोन्दे.'

कडूनिंब

वहीपेन, एकेक करून.

'कारे आमीके' संबोधन म्हणून व्याकरणशुद्ध आहे, पण रोमन पत्र असं सुरू होत नाही. आधी लिहिणारा प्रथमेत, मग ज्याला लिहायचं तो चतुर्थीत : 'मार्कुस् लूकिओ सुओ सालूतेम् दीकित्'. इथे मात्र चतुर्थीच बरोबर, कारण क्रिया 'नमस्कार सांगतो' ही आहे.

'तिबि केनारे आद् मे'मध्ये तिन्ही जुन्या चुका आल्यात. वडील मित्र असल्याने 'वेलिम्' घ्या, आणि त्यापुढे 'केनास्' नको, 'केनेस्' हवं. पहिल्या गणात इच्छार्थ करताना आ चा ए होतो. 'केनास्' म्हणजे 'तू जेवतोस' किंवा 'जेवणं' (द्वितीया बहुवचन).

'होरा नोना' रात्रीचे नऊ नाहीत. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिवसाचे बारा भाग, त्यातला नववा. रोममध्ये उन्हाळ्यात हा भाग ७५ मिनिटांचा, हिवाळ्यात ४५चा. नववा तास दुपारी दीड ते अडीचच्या दरम्यान सुरू होतो, आणि रोमन जेवणाची वेळ हीच. रात्री बोलवायचं तर होराटिउसचा शब्द घ्या, 'सुप्रेमो सोले', सूर्य मावळतीला.

'वेनीते' इथे खटकतं. पत्नी 'कुम् उक्सोरे'त आलीच आहे, क्रियापद एकवचनात ठेवा. 'रेस्पोन्दे'पेक्षा 'रेस्क्रीबे', लेखी उत्तर द्या.

जुळवून :

'मार्कुस् लूकिओ सुओ सालूतेम् दीकित्. वेलिम् आन्ते दिएम् दुओदेकिमुम् कालेन्दास् देकेम्ब्रेस् सुप्रेमो सोले आपुद् मे केनेस्. सी कुम् उक्सोरे वेनेरिस्, केना मिहि यूकुन्दिओर् एरित्. रेस्क्रीबे क्वोत् वेन्तूरी सीतिस्. वाले.'

मार्कुसकडून आपल्या लूकिउसला नमस्कार. २० नोव्हेंबरला सूर्यास्ताच्या सुमारास माझ्याकडे जेवावं अशी इच्छा आहे. पत्नीसह आलात तर जेवण मला अधिक गोड लागेल. किती जण येणार ते कळवा. 'सीतिस्' बहुवचनात आहे, कारण इथे खरंच अनेकांबद्दल विचारलं आहे.

'वेनेरिस्' हे पूर्णभविष्य. येणं आधी घडेल, जेवण गोड होणं नंतर, म्हणून. कवी कातुल्लुसने मित्र फाबुल्लुसला बोलावलंय तिथेही हीच जोडी आहे : 'केनाबिस् बेने, मी फाबुल्ले, आपुद् मे', छान जेवशील माझ्याकडे, आणि पुढे 'सी ... आत्तुलेरिस्', तू जेवण बरोबर आणलंस तर. कारण कवीच्या थैलीत कोळ्याची जाळी भरलीत.

तळटीप

'किती जण' विचारणं नुसती रीत नव्हती. त्रिक्लीनिउम् म्हणजे तीन मंचकांची जेवणाची खोली, मंचकावर तिघे, एकूण नऊ. रोमन पंडित वार्रोचा नियम लेखक गेल्लिउसने नोंदवला आहे : पाहुणे ग्रातियांपेक्षा, म्हणजे तीन देवींपेक्षा, कमी नसावेत आणि म्यूझांपेक्षा, म्हणजे नऊंपेक्षा, जास्त नसावेत. मार्तिआलिसच्या अर्धवर्तुळाकार मंचकावर सात मावतात, सहा ठरलेत, म्हणून तो लूपुसला जोडतो.

होराटिउस मित्र तोर्क्वातुसला विचारतो : 'तू क्वोतुस् एस्से वेलीस् रेस्क्रीबे'. 'क्वोतुस्' म्हणजे कितवा, म्हणजे स्वतःला धरून एकूण किती. त्याच्या अलीकडे तो सांगतो की 'उम्ब्राय' साठीही जागा आहे. उम्ब्रा म्हणजे सावली : निमंत्रित माणूस आपल्याबरोबर आणतो तो बिनबोलावलेला सोबती. मोठी माणसंही असे सोबती आणत. होराटिउसचा आश्रयदाता माएकेनास याने नासीदिएनुस नावाच्या यजमानाच्या जेवणाला दोन उम्ब्रा आणल्याचं होराटिउसच्याच विडंबनकाव्यात आहे, आणि त्यांना धरूनच नऊ भरतात. पण फार दाटी झाली तर काखेचा वास जेवणाची मजा घालवतो, हेही तो तोर्क्वातुसला स्पष्ट लिहितो.

नामं लिहून ठेवा. कोन्वीवा : पंगतीतला पाहुणा. 'आ'कारान्त पण पुरुषासाठीही, म्हणून 'बोनुस् कोन्वीवा'. कोन्वीवातोर् : जेवण देणारा. होस्पेस् : पाहुणा आणि यजमान दोन्ही, कोण ते संदर्भावरून ठरवायचं. दोमिकेनिउम् : घरी एकट्याने जेवणं, मार्तिआलिसचा शब्द. इन्वीतातिओ : बोलावण्याची क्रिया. पत्रिकेचा कागद म्हणायचा तर 'लित्तेराय' बरं.

दक्षिणद्वार

आवतण घेऊन जाणाऱ्या नोकराचा शब्द राहिला : 'वोकातोर्'. थोरला प्लिनी चित्रकार आपेल्लेसची गोष्ट सांगतो. वादळाने तो अलेक्झांड्रियाला पोचला. तिथला राजा टॉलेमी त्याच्यावर नाखूश. स्पर्धकांनी राजाच्या विदूषकाला पैसे चारून आपेल्लेसला खोटं आवतण पोचवलं आणि तो जेवायला हजर झाला. राजा संतापला, आपले वोकातोरेस् उभे केले आणि यांपैकी कोणी बोलावलं ते दाखव म्हणाला. आपेल्लेसने चुलीतला विझलेला कोळसा उचलून भिंतीवर चेहरा काढायला घेतला, आणि पहिल्या रेषांतच राजाने विदूषक ओळखला.

मार्तिआलिसमध्ये याच अर्थी 'इन्वीतातोर्' येतो, पण तो सम्राटाचा आणि देवांचा राजा युपितरचा. साध्या घरच्या नोकराला वोकातोर् म्हणा.

वहीपेन

एक शंका. 'वेनित्' हे 'येतो' की 'आला'? वाचताना दोन्ही अर्थ लागतात.

मोगरा

दोन्ही. वर्तमानकाळात पहिला ए ह्रस्व, भूतकाळात दीर्घ. देवनागरीत ह्रस्व ए नाही, म्हणून आपल्याला दोन्ही सारखेच लिहावे लागतात. रोमन लिपीत लिहाल तेव्हा दीर्घ स्वरावर आडवी रेघ द्या. रेघ नसलेल्या मजकुरात पुढचं क्रियापद बघा. 'वेनित् एत् केनाविट्' असेल तर आला आणि जेवला, 'वेनित् एत् केनात्' असेल तर बहुधा येतो आणि जेवतो.